डावा पाय आधी

माझा दवाखाना चेंबूरला आहे, म्हणून गोल्फ माझ्या वाट्याला आला तो कंबरदुखीच्या वाटेनं. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब इथे 1927 पासून आहे. त्याच्या भिंतीपलीकडची हिरवळ चेंबूरच्या कित्येक लोकांनी रिक्षातून जाता-येता नुसती पाहिलेली असते. मीही त्यांतलीच. पण फिजिओथेरपिस्टकडे येणारी माणसं आपापला खेळ आणि आपापला धंदा अंगावर घेऊनच येतात. त्यामुळे गोल्फची कंबरदुखी मला दोन्ही अंगांनी भेटली: एक स्टिक फिरवणाऱ्यांची, दुसरी त्यांच्या बॅगा वाहणाऱ्या कॅडींची.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. अंगाचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचं, एवढीच ती गोष्ट. चालणारा प्रत्येक माणूस दिवसभर तेच करतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, अर्धांगवायूतून उठलेल्या माणसाला तेच पुन्हा शिकवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. आणि चांगला धडधाकट माणूस हातात स्टिक घेऊन बॉलसमोर उभा राहिला की त्याला नेमकं तेच जमेनासं होतं.

एक काका आहेत. निवृत्त इंजिनिअर, सत्तरीच्या अलीकडे, आठवड्यातून दोन-तीनदा पहाटे खेळायला जाणारे. तक्रार अशी की नऊ होल, म्हणजे अर्धी फेरी, झाले की कमरेची उजवी बाजू धरते. खेळाचीही तक्रार होतीच, कारण गोल्फवाल्यांच्या या दोन तक्रारी वेगळ्या होत नाहीत: बॉल एक तर वरून घासून जमिनीलगत पळतो, नाही तर उजवीकडे वळत वळत झाडीत जातो. आयर्ननं, म्हणजे धातूच्या चपट्या तोंडाच्या स्टिकनं, मारताना बॉलच्या आधीच माती उकरली जाते. कोणी सांगितलं हात चुकतात, कोणी सांगितलं ग्रिप, म्हणजे स्टिकची पकड, बदला. नवी स्टिकही घेऊन झाली होती.

मी म्हटलं, "काका, एकदा करून दाखवा." दवाखान्याच्या कोपऱ्यात लांब दांड्याची छत्री होती, ती त्यांच्या हातात दिली. पायांखाली दोन वजनकाटे ठेवले, एका पायाखाली एक. अर्धांगवायूच्या पेशंटना उभं करताना मी हीच युक्ती वापरते. काटे मात्र जुने, तबकडीचे हवेत; डिजिटल काटा आकडा गोठवून बसतो, मधली हालचाल दाखवत नाही. स्विंग, म्हणजे स्टिक मागे नेऊन मारण्याची अख्खी हालचाल, संथ करायचा, मध्ये थांबायचं, आणि खाली स्वतः पाहायचं नाही, कारण मान वाकवली की आकडे बदलतात. आकडे मी वाचते.

काकांचं वजन 78 किलो. नुसते उभे राहिले तेव्हा दोन्हीकडे जवळजवळ सारखं. छत्री खांद्यावर नेऊन थांबले तेव्हा उजव्या काट्यावर 60 च्या आसपास दिसायला हवं होतं. दिसलं 28. बाकीचे 50 डाव्या पायावर होते. छाती डावीकडे, बॉल जिथे पाठवायचा त्या दिशेनं कललेली आणि कंबर उजवीकडे बाहेर निघालेली. आणि छत्री खाली आणून मारल्याच्या जागी थांबवली, तेव्हा सगळं वजन उजव्या टाचेवर येऊन बसलेलं. जाताना जिथे जायचं तिथे गेले नाहीत, आणि येताना यायचं तिथून मागे सरले. गोल्फवाले याला रिव्हर्स पिव्हट म्हणतात. अशा कललेल्या मणक्यानं जोर लावून उलट वळलं की मणक्याचे उजवीकडचे लहान सांधे एकमेकांवर दाबले जातात. कंबर धरणार नाही तर काय!

नीट स्विंगमध्ये काय होतं ते आधी सांगते (सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांच्या हिशेबानं). सुरुवातीला भार दोन्ही पायांवर सारखा. स्टिक मागे जाताना तो उजव्या पायावर येतो, साधारण तीन-चतुर्थांश. बॉलला स्टिक लागते तेव्हा साधारण 80 टक्के डाव्यावर असतो, आणि शेवटी उजव्या पायाचा नुसता चवडा टेकलेला राहतो. एवढं कुठल्याही प्रशिक्षकाकडून ऐकायला मिळतं. कळीची गोष्ट मधली आहे. स्टिक वरून खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. बॉल आणि स्टिक एकमेकांना लागलेले असतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरते. या वेळात "आता डावीकडे जाऊ" असा विचार करायला माणसाच्या मेंदूला सवडच नाही. म्हणून चांगल्या खेळाडूंचा भार डाव्या पायाकडे निघतो तो स्टिक अजून मागे जात असतानाच. हात वर चाललेत आणि पाऊल पुढच्या कामाला लागलंय, असा एक क्षण त्यात असतो. हौशी खेळाडूचं बहुतेक वेळा इथेच बिनसतं. तो स्टिक पूर्ण वर नेतो, थांबतो, आणि मग सगळंच एकदम खाली आणतो. त्यात खांदे आणि हात पुढे पळतात, पाय मागे राहतात.

आणखी एक घोळ मला नीट उलगडला तो हार्बर लाइनच्या लोकलमध्ये. दाराजवळच्या मोकळ्या जागेत एक खांदा गाडीच्या दिशेला करून उभं राहावं. गाडी ब्रेक लावायला लागली की पुढच्या पायाच्या तळव्याखाली दाब वाढतो. सवयीचा माणूस जागचा हलत नाही, वर्तमानपत्राची घडीही मोडत नाही, पण त्याच्या पावलाखालचा दाब पार बदललेला असतो. नवखा माणूस मात्र अख्खाच्या अख्खा शेजाऱ्यावर जातो. गोल्फमध्ये "वजन उजवीकडे न्या" ऐकलं की लोक त्या नवख्यासारखे अख्खे सरकतात. कंबर उजव्या पावलाच्याही बाहेर जाते. याला गोल्फवाले स्वे म्हणतात. मग तिथून वेळेत परत येणं अशक्य. शरीराचा मध्य फार हलायला नकोच. कमरेला थोडंसं सरकणं पुरतं. बदलायचा असतो तो पावलाखालचा दाब, आणि तो मांडीच्या, ढुंगणाच्या स्नायूंनी जमीन रेटून बदलायचा. उजव्या पायाच्या आतल्या कडेवर, टाचेकडे तो जाणवला पाहिजे. बाहेरच्या कडेवर जाणवला तर आपण सरकलो. उजव्या बुटाच्या बाहेरच्या कडेखाली दुसरा बॉल ठेवून स्विंग करायचा सराव याच कारणासाठी सांगतात, आणि तो मला पटतो, कारण त्यात डोक्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

काका उलटे का कलत होते? पहिलं कारण एक सल्ला. "डोकं अजिबात हलवू नका" हे वाक्य गोल्फमध्ये इतक्यांदा सांगितलं जातं की माणसं मान खिळ्यानं ठोकल्यासारखी धरतात. डोकं जागच्या जागी आणि खांदे मात्र वळवायचे, मग वरचं अंग डावीकडे झुकण्यावाचून दुसरी वाटच उरत नाही. डोकं थोडं उजवीकडे गेलं तर जाऊ द्यावं. दुसरं, बॉल उचलायची हौस. बॉल हवेत जावा म्हणून माणूस मागे रेलतो आणि खालून चमच्यासारखी स्टिक घालतो. खरं तर सात नंबरच्या आयर्नचं तोंड मुळातच 30 अंशांच्या आसपास मागे कललेलं असतं. बॉल चढवायचं काम ते करतं. खेळणाऱ्यानं स्टिक खाली जाऊ द्यायची, आधी बॉल, मग माती.

तिसरं कारण माझ्या शास्त्रातलं आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. स्टिक मागे नेताना उजव्या खुब्यात मांडीचं हाड आत वळावं लागतं, पुढे येताना डाव्या खुब्यात. आपण जन्मभर मांडी घालून बसतो, त्यात खुबा बाहेर वळतो. त्यामुळे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची मांडी छान बसते, आणि आत वळायची वेळ आली की सांधा अडतो. काकांना पालथं झोपवलं, गुडघा काटकोनात वाकवला आणि नडगी हळूहळू बाहेरच्या बाजूला पडू दिली. निरोगी खुब्यात ती 40 अंशांच्या आसपास जाते. काकांची उजवी नडगी त्याच्या निम्म्यावरही पोचली नाही. ज्या खुब्यात वळायला जागाच नाही, त्याच्यावर भार देऊन वळा म्हटलं तर शरीर पळवाट शोधणार, आणि कंबरेच्या मणक्याइतकी सोयीची पळवाट दुसरी नाही. या माणसाला नुसतं "वजन टाका, वजन टाका" म्हणत राहणं म्हणजे अन्याय आहे. प्रशिक्षकांनी शिकवणीच्या पहिल्या दिवशी दोन मिनिटं खुबे तपासले तर कितीतरी लोकांची वर्षं वाचतील, असं मला अगदी मनापासून वाटतं.

यावर इलाज आहेत, आणि ते वयाला धरून आहेत. खुर्चीत बसून गुडघे जवळ ठेवायचे आणि दोन्ही पावलं बाहेर न्यायची, रोज, सावकाश. दोन्ही पावलांचे चवडे उभं राहतानाच थोडे बाहेर वळवून ठेवायचे, म्हणजे खुब्याला कमी वळावं लागतं. स्टिक मागे नेताना उजवा गुडघा वाकलेलाच ठेवायचा हट्ट सोडायचा. तो थोडा सरळ झाला की कंबर मोकळी वळते. आणि डावी टाच उचलू द्यायची. हे सांगितलं तेव्हा काका बिचकले, टाच उचलणं चूक असं त्यांच्या मनात घट्ट बसलेलं. मी त्यांना अमेरिकन गोल्फपटू जॅक निकलसची आठवण करून दिली. 18 मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यांत मोठ्या, स्पर्धा जिंकलेला हा माणूस आयुष्यभर डावी टाच उचलूनच खेळला, आणि त्यांतली शेवटची, 1986 ची मास्टर्स, त्यानं वयाच्या 46 व्या वर्षी जिंकली. टाच उचलण्यात आणखी एक सोय आहे. उचललेली टाच खाली टेकवणं हीच मग स्विंग उलटण्याची खूण होते. पायाला काम मिळतं, आणि हात आपसूक मागाहून येतात.

ते "मागाहून" काकांना दिसलं मात्र माझ्यामुळे नाही. त्यांचे कॅडी खांदा दुखतो म्हणून दवाखान्यात आले होते, काकांनीच पाठवलं होतं. 18 होलच्या एका फेरीत आठ-दहा किलोमीटर चाल होते, आणि भरलेल्या बॅगेचं वजन दहा-बारा किलोंच्या खाली क्वचितच असतं. एकाच खांद्यावर ती वर्षानुवर्षं घेतली की कंबर एका अंगाला सरकते. सुट्टी घेतली तर त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून ही माणसं दुखणं पार हाताबाहेर गेल्यावर येतात. मला याचं फार वाईट वाटतं. ज्यांच्या पाठीवर हा खेळ उभा आहे, त्यांच्या पाठीची चौकशी साहेबांच्या पाठीइतकी तरी व्हायला हवी.

तर त्या संध्याकाळी काका आणि हे कॅडी दादा दोघंही दवाखान्यात होते. दादा थोडा वेळ काकांचा छत्रीचा स्विंग बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही हातानं मारताय."

"मग कशानं मारू?" काका म्हणाले.

"पायानं. डावा पाय आधी. हात येतात मागनं."

छत्री त्यांनी हातात घेतली. दोन्ही पाय जुळवून उभे राहिले, जसं शाळेत सावधानमध्ये उभं करतात तसे. छत्री मागे निघाली. ती खांद्यापर्यंत पोचायच्या आत डावा पाय उचलला गेला आणि एक फूटभर डावीकडे पडला. चपलेचा फट्ट आवाज झाला तेव्हा छत्रीचं टोक अजून वरच चाललं होतं. मग कंबर वळली, खांदे वळले, आणि छत्री सगळ्यांत शेवटी सुसाट खाली आली. शेवटी ते पूर्ण डाव्या पायावर, उजव्या चवड्याचा अंगठा तेवढा फरशीला. इतका वेळ मी आकड्यांत सांगत होते ते सगळं त्या एका आवाजात होतं. मी त्यांना पुन्हा करायला लावलं, पुन्हा, मग वजनकाट्यांवर पाय टाकत. डाव्या काट्याची सुई त्यांच्या अख्ख्या वजनाच्याही पुढे उडाली. तबकडीची सुई घाईत थोडी जास्तच उडते हे खरं, पण प्रयोगशाळांतल्या फोर्स प्लेटवरही, म्हणजे पावलाखालचा जोर मोजणाऱ्या पाटीवरही, हेच दिसतं: लांब मारणारे खेळाडू खाली येताना जमिनीला आपल्या वजनाहून बऱ्याच जास्त जोरानं रेटतात. जमीन तेवढ्याच जोरानं त्यांना परत रेटते, आणि तो जोर पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात, तिथून स्टिकमध्ये जातो.

मी विचारलं, "दादा, हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही मॅडम. गल्लीत खेळायचो."

चेंबूरच्या क्लबालगतच्या वस्त्यांतला हा गल्लीतला गोल्फ बातम्यांतूनही येऊन गेलाय. बांधकामाची लोखंडी सळई वाकवून स्टिक, प्लास्टिकचा बॉल, आणि घरांच्या मधल्या बोळांतून, गटाराच्या कडेनं आखलेला खेळ. तिथे जमीन कुठेच सपाट नाही. सळईला आयर्नसारखं वजनदार तोंड नाही, बॉल हलका. नुसत्या हातानं त्याला लांब पाठवता येत नाही. खालची जागा उंचसखल, म्हणून पाय आधी नीट रोवल्याशिवाय मारताही येत नाही. ही माझी समजूत आहे, पण दादांचा पाय बघताना ती मला पक्की झाली. सरावाच्या महागड्या सपाट मॅटवर शिकलेल्या माणसाला जमीन शोधावीच लागत नाही. या मुलांना ती प्रत्येक फटक्याला शोधावी लागली.

मॅटचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. पुढे आम्ही खारघरला जाऊन पाहिलं. तिथला सिडकोचा गोल्फ कोर्स पैसे भरून कोणालाही खेळता येण्यासारखा आहे. मुंबईच्या आसपास अशी जागा असणं मला फार मोलाचं वाटतं. मॅटवरून मारताना स्टिक बॉलच्या दोन इंच आधी टेकली तरी ती रबरावरून घसरत पुढे जाते आणि बॉल ठीकठाक उडतो. भार मागेच राहिलाय, हे मॅट लपवते. गवत लपवत नाही. आणि मुंबईच्या पावसाळ्यातलं गवत तर मुळीच नाही: जमीन फुगलेली, आयर्न थोडंसं आधी लागलं तरी चिखलात रुतून बसतं आणि मनगटाला झटका देतं. शिवाय ओल्या जागेवर घसरायची भीती असते, म्हणून माणूस डाव्या पायावर पूर्ण जातच नाही. जूनमध्ये ज्यांचा खेळ बिघडतो त्यांनी आधी बुटांच्या तळाचे खिळे झिजलेत का ते पाहावं. पायाला भरवसा नसेल तर डोक्यानं कितीही सांगितलं तरी भार तिकडे जाणार नाही. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांचं मी हेच रोज बघते; गुडघा चांगला असतो, पेशंटला अजून तो आपला वाटत नसतो.

काही प्रशिक्षक भार सुरुवातीपासून डाव्याच पायावर ठेवायला सांगतात, मागे न्यायचाच नाही. त्या पद्धतीनं व्यावसायिक स्पर्धा खेळणारेही झाले. त्यांचा मुद्दा समजतो: ते मागे कलत नाहीत, म्हणून पुढे येण्याचा प्रश्नच उरत नाही. पण त्यात मणका ज्या बाजूला झुकतो ती काकांची दुखरी वाट आहे, म्हणून त्यांना मी ते सांगितलं नाही.

काकांना दादांचा पाय टाकायचा सराव दिला. आधी बॉलशिवाय, मग बॉल ठेवून पण अर्ध्या जोरानं. नेम, अंतर, काही बघायचं नाही. पाऊल टेकल्याचा आवाज आधी आला की नाही, एवढंच ऐकायचं. पहिले काही दिवस पाऊल आणि स्टिक बरोबरच खाली यायची, आणि काका वैतागायचे. मग छत्री बाजूला ठेवून नुसतं चालायला लावलं: डावं पाऊल पुढे टाकायचं आणि ते पूर्ण टेकेपर्यंत हात मागेच ठेवायचे. खारघरला ज्या सकाळी त्यांचा सात नंबरचा आयर्न आधी बॉलला आणि मग गवताला लागला, तेव्हाचा आवाज वेगळाच होता, कोरडा आणि छोटा. काकांनी मागे वळून बघितलं ते बॉलकडे नाही, दादांकडे. कंबर अजून पूर्ण बरी नाही. नऊ होल झाल्यावर धरायची ती आता पूर्ण फेरीनंतर भरून येते. खुबा सुटायला महिने लागतात, आणि तो व्यायाम त्यांनी सोडता कामा नये. दादांना मी दोन पट्ट्यांची बॅग दोन्ही खांद्यांवर घ्यायला सांगितली आहे, आणि काकांनी तशी बॅग आणलीसुद्धा.

ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यांत लांब मारायच्या स्टिकचं, अजून बाकी आहे. त्यात बॉल टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, उंच असतो, डाव्या टाचेच्या रेषेत ठेवायचा असतो आणि स्टिक वर चढता चढता लागावी लागते. म्हणून लोकांना वाटतं तिथे तरी मागे राहावं. छाती थोडी मागे राहते हे खरं, पण पावलाखालचा दाब तिथेही डावीकडेच जायला हवा. हा फरक काकांना कळला आहे. अंगात यायला वेळ लागेल. ऑक्टोबरात जमीन वाळली की आधी आयर्नची परीक्षा घ्यायची असं ठरलंय. बॉलच्या शेजारी, पायांच्या बाजूला, एक टी गवतात पूर्ण रोवायचा, मारायचं, आणि उकरलेली माती त्या टीच्या पुढून सुरू होते की मागून ते बघायचं. काका म्हणतात, मी स्वतः बघेन. दादा म्हणतात, साहेब, तुम्ही मारा, मी बघतो. मी दोघांनाही बघायला सांगितलंय.